वाळलेली इंग्रजी

सर मोटारसायकलवरून पडले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मेडशीच्या अलीकडे रस्त्यात एक खड्डा आहे. तो दर वर्षी बुजवतात आणि दर वर्षी तो नव्या जोमानं परत येतो. सर त्या खड्ड्यात गेले आणि गाडी एकीकडे, सर दुसरीकडे, त्यांच्या पिशवीतले आमचे निबंध तिसरीकडे अशी वाटणी झाली. मागून येणाऱ्या काळीपिवळी जीपमधून आम्ही सगळे उतरून धावलो. कुणीतरी विचारलं, "सर, लागलं काय हो?"

सर रस्त्यावर उताणे, नजर आभाळाकडे. तशा अवस्थेत ते अगदी शांतपणे म्हणाले, "इट मे बी सजेस्टेड दॅट द लेफ्ट लेग इज ब्रोकन."

म्हणजे, डावा पाय मोडला असावा असं सुचवता येईल. जमलेल्यांत कुणालाच हे कळलं नाही. जिला कळलं ती मी, पण मी रस्त्याच्या कडेला निबंध गोळा करत होते. चौघांनी बगलेत हात घालून सरांना उभं केलं, तेही नेमकं त्याच पायावर. तेव्हा सर ओरडले असतील असं तुम्हाला वाटेल. सरांनी फक्त डोळे मिटले आणि "धिस इज नॉट रेकमेंडेड" एवढंच म्हणाले.

पाय मोडलेलाच निघाला. दवाखान्यात भेटायला गेलो तर प्लॅस्टरवर बोटानं टकटक करून म्हणाले, "पुराव्याने मत सिद्ध झाले." त्यांना दुखण्यापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला होता.

सर इंग्रजी घेऊन एम.ए. झालेले होते. मास्तरकी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. का मिळाली नाही म्हणून विचारलं तर म्हणायचे, "त्यास अनेक कारणे संभवतात," आणि एकही सांगायचे नाहीत. रस्त्याला लागून एका व्यापाऱ्याची सोयाबीन खरेदीची शेड होती, तिथं ते माल तपासायचं काम करत. दिवसभर पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, नळीतून आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, त्यातली माती, काडी, डागी दाणा बघायचा, एक दाणा दाताखाली धरायचा, मग मूठभर दाणे यंत्रात टाकून मॉइश्चर किती ते सांगायचं. मॉइश्चर हा शब्द आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही येतो. माल ओला असला की भाव पडतो, म्हणून प्रत्येकजण सोयाबीन ताडपत्रीवर पसरून, दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवून आणतो. संध्याकाळी शेड रिकामी झाली की त्याच पोत्यांवर बसून आम्ही पंधरा-वीस पोरंपोरी सरांकडे इंग्रजी शिकायचो.

आता दिवसभर जो माणूस ओलावा मोजतो त्याला संध्याकाळी दुसरं काय दिसणार?

"इंग्रजी दोन प्रकारची," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "एक बोलायची. ती आज काढलेल्या मालासारखी, ओली. त्यात राग असतो, घाई असते, रडणे असते, फुशारकी असते. चहाच्या टपरीवर ती चालते. दुसरी अभ्यासाची. दाणा तोच, पण वाळलेला. तो चार वर्षांनी उघडला तरी बुरशी नाही. परीक्षेत, प्रबंधात, अर्जात तुम्ही ओला माल नेता आणि मग भाव पडला म्हणून रडता."

इथपर्यंत कुणाही शहाण्या माणसाला पटेल. पुढचं ऐका. सरांच्या मते निबंध खरोखरच वाळवावा लागे. कागदावर पेनानं लिहायचं, मोबाइलवर नाही, कारण "मोबाइलमधले वाळत नाही." मग तो कागद दोन दिवस उन्हात ठेवायचा, वर दगड. तिसऱ्या दिवशी उचलून वाचायचा आणि जे वाचताना स्वतःचीच लाज वाटेल ते खोडायचं. मग सरांकडे. सर कागद कानाजवळ नेऊन त्याचा कोपरा चुरगाळत. आवाज आवडला तरच वाचत, नाहीतर "अजून एक ऊन" म्हणून परत.

त्या वर्षी आसपासच्या पाच-सहा गावांत घरांच्या धाब्यांवर आणि अंगणांत पापड, मिरच्या, कुरड्या आणि इंग्रजी निबंध एकत्र वाळत होते. आमच्या शेजारची काकू कागद उलटायला स्वतः यायची. "दुसऱ्या बाजूनं ऊन लागलं नाई वं बाई तुह्या विंग्रजीले," म्हणायची.

मग बकरीचं प्रकरण झालं. कुणाचा तरी निबंध बकरीनं खाल्ला. पोरगं घाबरत सांगायला आलं तर सर रागावण्याऐवजी विचारात पडले. बकरी हिरवं खाते, वाळलेल्या काडीला तोंड लावत नाही. म्हणजे बकरीनं खाल्लेला निबंध ओला होता. पुढच्या आठवड्यात शेडमध्ये बकरी बांधलेली. आम्ही एकेक करून आपापला निबंध तिच्यापुढे धरायचा आणि सर वहीत नोंद करायचे. बकरीनं अकरा निबंध ओळीनं खाल्ले. माझा तर तिनं शीर्षकापासून सुरुवात करून समारोपापर्यंत व्यवस्थित खाल्ला. शिरपूरच्या एका पोराचा कागद मात्र तिनं हुंगला, मान फिरवली आणि दोनदा शिंकली. सरांनी उठून त्या पोराशी हात मिळवला. "अखेर," ते म्हणाले. त्या पोराचा निबंध मिरच्यांच्या शेजारी वाळत होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सांगायची हिंमत कुणाचीच झाली नाही, आणि बकरीही बिचारी काय सांगणार.

बोलायची इंग्रजी शिकवण्याची पद्धतही होतीच. शनिवारच्या बाजारात जायचं, भाजीवाल्यांशी इंग्रजीत घासाघीस करायची. भाजीवाल्यांनी ती हसतखेळत सोसली. सर स्वतः लांब लिंबाखाली उभे राहायचे. त्यांना ओली इंग्रजी येतच नव्हती, हे आम्हाला हळूहळू कळलं. टपरीवर चहा सांगताना ते म्हणत, "इट इज रिक्वेस्टेड दॅट द शुगर बी लिमिटेड." टपरीवाला आत ओरडे, "मास्तरची कमी साखरवाली!" इंग्रजीचं सोडा, मराठीही त्यांची तशीच. आजूबाजूला सगळे मले, तुले करणारे, आणि हे कुत्र्याला हाकलतानाही "आपण इथून गेलेले बरे" म्हणणार. एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे बाईंनी, पोह्याची बशी माझ्या हातात देत सांगितलं, "मले पाह्यले आले होते त तासभर गुमान बसले. मंग माह्या बाबाले म्हनतात, सदर मुलगी स्वीकारण्यास हरकत दिसत नाही. आमचा बाबा रडलाच. त्याले वाटलं नकार देऊन राह्यले."

सर आतल्या खोलीतून म्हणाले, "तो होकारच होता." बाई म्हणाल्या, "आता समजते. वीस वर्सं झाली."

एवढ्या सगळ्यावर मी हसायचे, घरी नकला करून दाखवायचे, आणि तरी माझं आयुष्य त्या माणसाच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा निमूटपणे दिलं.

मी शेतकीची पदवी घेतली होती. मातीवर पुढं शिकायचं होतं, आणि एका परदेशी विद्यापीठात मला जागा मिळण्याची शक्यता होती. मार्क चांगले होते, बाकी कागद जोडून झाले होते. राहिलं होतं एकच, तुम्हाला इथं का शिकायचं आहे हे सांगणारं दोन पानी निवेदन. ते चांगलं असलं तर मी जाणार, नाहीतर घरी. आमच्या घरातून तालुक्याच्या पुढं शिकायला गेलेली मीच पहिली. त्यामुळे ते निवेदन माझं एकटीचं नव्हतं. बाबा रोज विचारायचे, "झालं काय तुहं निवेदन?" जणू ते पिकून घरात यायचं होतं.

पहिलं लिहिलं त्यात आईची गोष्ट होती. पेरणीच्या आधी आई वावरातली मूठभर काळी माती घेते, मुठीत दाबते, मूठ उघडते. गोळा हलकासा मोडला तर पेरायचं, चिकटून राहिला तर थांबायचं. कॉलेजात असताना मी मातीचा ओलावा मोजायचं यंत्र सुट्टीत घरी आणलं होतं. आईनं मूठ दाबली, मी यंत्र खुपसलं. दोघींचं उत्तर एकच आलं. आई म्हणाली, "मंग मशीन कायले आनली?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधायलाच मला पुढं शिकायचं होतं.

गोष्ट चांगली होती, पण मी ती भयंकर लिहिली होती. त्यात आईच्या डोळ्यांत दोनदा पाणी आलं होतं, माझ्या तीनदा, आणि शेवटी आम्ही दोघी मिळून देशाच्या सेवेसाठी रडलो होतो.

सरांनी कागद कानाजवळ नेला. चुरगाळायचीही गरज पडली नाही. "हे तर अजून शेंगेत आहे," ते म्हणाले.

मग वाळवणं सुरू झालं. पहिल्या उन्हात रडणं गेलं, ते ठीकच झालं. दुसऱ्या उन्हात गाव गेलं, वावर गेलं. तिसऱ्या वेळी सरांनी आईवर बोट ठेवलं.

"ही काढ."

"आई, सर?"

"आईमध्ये फार मॉइश्चर असते."

"पण सर, सगळं तिच्यापासूनच सुरू झालं."

"सुरू कुठूनही होते. अर्जात ते सांगण्याचे कारण नाही."

मी आई काढली. सर जुना कागद लगेच फाडायचे, ओला माल वाळलेल्यात मिसळू नये म्हणून. शेवटी दोन पानांचं पाऊण पान उरलं. त्यात या भागातील मृदेत ओलाव्याचे प्रमाण बदलते असे आढळून आले आहे, सबब अधिक अभ्यास आवश्यक मानला जातो, अशा चालीची इंग्रजी वाक्यं होती. सरांनी कोपरा चुरगाळला, ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता वाजते," ते म्हणाले. "एक शेवटचे ऊन दे आणि परवा पाठव." परवा म्हणजे शेवटची तारीख.

मी तो कागद अंगणात ताडपत्रीच्या कडेला दगडाखाली ठेवला. ताडपत्रीवर आमचं सोयाबीन वाळत होतं. शेवटच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर अंगण झाडून स्वच्छ. दगड होता, कागद नव्हता, सोयाबीनही नव्हतं. बाबा आणि काकानं पोती भरून छोट्या टेम्पोत घातली होती आणि आई पोत्यांवर बसून शेडवर गेली होती. शेजारची काकू म्हणाली, "कागद उडून ढिगात गेला वाटते वं. मी म्हनलं वाळला असन, राहू द्या."

मी आधी ठरवलं, नवीन लिहून काढू. वही घेतली, बसले. आणि त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. माझं निवेदन, मी पुन्हा पुन्हा लिहिलेलं, आणि मला त्यातली एक ओळ येत नव्हती. काकाची मोटारसायकल काढली आणि निघाले. तो खड्डा मी कसा चुकवला मला आठवत नाही.

शेडवर पोचले तेव्हा ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि सगळे चालक हॉर्न वाजवत होते, कारण सर आमच्या एका पोत्यापाशी पुतळा होऊन उभे होते. तळहातावर दाणे आणि दाण्यांत नखाएवढा कागदाचा तुकडा. त्यावर माझ्या अक्षरात 'देअरफोर'.

"सोयाबीनमध्ये देअरफोर येत नाही," सर हमालाला म्हणत होते. "पोते उलटे करा."

पोतं जमिनीवर ओतलं. कागद निघाला. नळी बरोबर मधून आरपार गेल्यानं त्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. मी पुढं होऊन हात केला, पण सरांनी तो दिला नाही. समोर तीस-चाळीस शेतकरी होते, आणि इतका वाळलेला माल सरांच्या हातून पहिल्यांदाच निघाला होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचं मराठी. भोकापाशी आले, थांबले, आणि पुढून वाचू लागले. भोकात 'देअरफोर'च्या आजूबाजूला काय होतं ते त्यांनाही आठवलं नाही, मलाही नाही, आणि नसल्यानं काही बिघडलंही नाही. आढळून आले आहे, मानले जाते, आवश्यक आहे. एक म्हातारा बाजूच्याला विचारत होता, "पिकाचा इमा मिळनार नाई म्हनून राह्यले काय?"

वाचून झालं. पोत्यांजवळ उभी असलेली आई पुढं आली.

"जय भीम सर. हे कोनं लिवलं?"

"आपल्याच मुलीने."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "नाई जी. माही पोरगी अशी बोलत नाई."

"ही अभ्यासाची भाषा आहे. हे वाळवलेले आहे."

"वाळवलं त चांगलं केलं. पन हे इकाचं हाय का पेराचं?"

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"इकाचं असन त वाळवा तुमी किती बी," आई म्हणाली. "पन बियान्याचं असं वाळवलं त दान्याचे दोन फाकं होतात. मंग थे वाजते लय झ्याक, पन उगवत नाई. तुमाले काय सांगा, तुमी त रोज पाह्यता."

आई निवेदनाबद्दल बोलत होती की सोयाबीनबद्दल, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "मी त बियान्याचं बोलत होती, दुसरं काय." सरांनी मात्र खाली वाकून ओतलेल्या ढिगातून दोन दाणे उचलले आणि बोटांत चोळले. मागं हॉर्न चालूच होते. मग त्यांनी गळ्यातला पेन काढला, आमच्याच पोत्यावर बसले, पावतीपुस्तक उलटं केलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"लिव," ते म्हणाले.

लिही नाही, लिव. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून गावचा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"काय लिहू सर?"

"मायचं लिव. थे मूठ, थे मशीन, थिनं काय इचारलं. माय राहू दे. रडनं काढ."

पावत्यांच्या पाठीवर मी ते लिहिलं. मातीची मूठ कशी दाबतात ते विचारायला आई शेजारीच होती. गोळा किती मोडला की पेरायचं, हे तिनं जमिनीवर प्रत्यक्ष करून दाखवलं आणि सरांनी ते मला शब्दांत पकडायला लावलं. दोन पद्धतींचे निष्कर्ष सारखे आले, आणि पहिल्या पद्धतीला यंत्र लागत नाही, हे वाक्य त्यांचं. त्यात एकही अश्रू नव्हता आणि आई पूर्ण होती. मला वाचताना रडू आलं, पण कागदावर ते कुठं नव्हतं. अभ्यासाची इंग्रजी म्हणजे काय ते मला त्या पोत्यावर कळलं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सरांनाही त्याच दिवशी कळलं. रांगेतल्या लोकांनी एव्हाना हॉर्न बंद करून चहा मागवला होता. दुपारी मी मोबाइलवर निवेदन टाइप करून पाठवून दिलं. कानाजवळ नेऊन ऐकायला कुणी मागितलं नाही.

मला जागा मिळाली. निघाले त्या दिवशी सर एसटी स्टँडवर आले होते. खिडकीशी उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "युवर डिपार्चर हॅज बीन नोटेड." मी म्हटलं, चला, सर परत जागेवर आले.

इथं आल्यावर पहिला मोठा निबंध मी फार मन लावून लिहिला. तो परत आला, समासात लाल शेरे आणि शेवटी पुन्हा लिहा म्हणून सूचना. खोलीत एकटी होते, बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. आईला फोन केला असता तर ती घाबरली असती, म्हणून सरांना केला. तिकडे संध्याकाळ, शेड चालू. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी सांगायला लागले आणि मध्येच मला रडू फुटलं. थांबवायला गेले तर आणखीच.

मला वाटलं, आता सर म्हणतील, त्यास अनेक कारणे संभवतात. पण सर इंग्रजीत, अडखळत, बाजारात आम्ही भाजीवाल्यांशी बोलायचो तसे म्हणाले, "यू एट समथिंग?"

"नो सर."

"गो. ईट फर्स्ट. पेपर इज पेपर. ईट."

एवढी ओली इंग्रजी त्यांनी कुठून आणली मला माहीत नाही. तेवढ्यात तिकडे कुणीतरी माल तपासायची घाई करू लागलं. सरांनी फोनवर हात ठेवला असावा, पण तो नीट बसला नव्हता, कारण त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"थांब गा जरासाक. माह्या पोरीचा फोन हाय."